पंधरा डिसेंबरचा ठराव : गोवा आणि संयुक्त राष्ट्रांची आमसभा

१९ डिसेंबर १९६१ ही तारीख गोव्यात शाळकरी पोरांनाही पाठ असते. १८ जून १९४६ सुद्धा बहुतेकांना ठाऊक असते. त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी बंदी मोडून सभा घेतली. दादरा-नगर हवेलीचा १९५४ चा मुक्तिसंग्राम आणि १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह या घटनाही जुन्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकलेल्या आहेत. पण १५ डिसेंबर १९६० रोजी गोव्याच्या बाबतीत काय घडलं, असं विचारलं तर भले भले अभ्यासकही जरा थबकतात.

त्या दिवशी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक १५४२ मंजूर केला. पोर्तुगालच्या ताब्यातल्या नऊ प्रदेशांची त्यात यादी आहे. केप व्हर्द, पोर्तुगीज गिनी, साओ तोमे आणि प्रिन्सिपे, अजुदा, अंगोला, मोझांबिक ही पहिली सहा नावं. सातवं नाव 'गोवा आणि त्याच्या अखत्यारीतले प्रदेश', ज्यांना पोर्तुगाल 'एस्तादो दा इंडिया' म्हणत असे. त्यानंतर मकाव आणि तिमोर. हे सगळे प्रदेश स्वशासन नसलेले आहेत आणि त्यांची माहिती संयुक्त राष्ट्रांना देणं पोर्तुगालवर बंधनकारक आहे, एवढंच हा ठराव सांगतो. त्यात ना सैन्याचा उल्लेख आहे, ना कसली मुदत. 'गोवा भारताला द्या' असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही.

तरीही माझं मत असं, की बरोबर एक वर्ष आणि तीन दिवसांनी सुरक्षा परिषदेत जे घडलं, ते या ठरावाशिवाय नीट समजत नाही. शांतता आणि सुरक्षिततेच्या कामात आमसभेचं वजन वाढायला हवं, अशी चर्चा जगभर चालते. ते वजन असतं कशात आणि येतं कुठून, हे समजून घ्यायला आपल्या गोव्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मी पेशाने सिव्हिल इंजिनिअर. उमेदीची वर्षं साइटवर गेली, इतिहासाचं रीतसर शिक्षण काही नाही. त्यामुळे वाचायची पद्धतही साइटवरचीच: इमारत बघण्याआधी ड्रॉइंग बघायचं, भार कुठून येतो आणि कुठे उतरतो ते आधी शोधायचं. संयुक्त राष्ट्रांचे ठराव, मतदानाच्या याद्या आणि बैठकांची इतिवृत्तं आता घरबसल्या वाचता येतात. ती वाचून जो नकाशा माझ्यासमोर उभा राहिला, तो इथे मांडतो.

सनदेतली वाटणी

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या. सनद करणाऱ्यांनी कामाची वाटणी अशी केली, की जगाच्या शांततेची प्राथमिक जबाबदारी सुरक्षा परिषदेवर. त्या परिषदेत पाच कायम सदस्य आणि त्या पाचांच्या हाती नकाराधिकार. आमसभेला कलम १० आणि ११ प्रमाणे कुठल्याही विषयावर चर्चा करता येते, शिफारसही करता येते. पण परिषद एखादा वाद हाताळत असेल तर त्या वादावर आमसभेने शिफारस करायची नाही, असं कलम १२ बजावतं. महत्त्वाच्या प्रश्नांवर आमसभेत दोन तृतीयांश मतं लागतात. आणि इतकं करून ठराव झालाच, तरी शांततेच्या प्रश्नावर तो शिफारसच असतो. हुकूम काढायचा अधिकार परिषदेचा.

म्हणजे गावच्या भाषेत, सभा सगळ्यांची पण तिजोरीची चावी पाचांकडे. या पाचांत भांडण लागलं तर काय, याचं उत्तर सनदेत नव्हतं. ते १९५० मध्ये शोधलं गेलं.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं तेव्हा सोव्हिएत प्रतिनिधी परिषदेवर बहिष्कार टाकून बाहेर होता, म्हणून परिषदेला निर्णय घेता आले. ऑगस्टमध्ये तो परत आला आणि दार बंद झालं. मग अमेरिकेच्या पुढाकाराने ३ नोव्हेंबर १९५० रोजी आमसभेने ठराव ३७७ केला. तो 'शांततेसाठी एकजूट' या नावाने ओळखला जातो. नकाराधिकारामुळे परिषद अडली, तर आमसभेने तो प्रश्न ताबडतोब हाती घ्यावा, अधिवेशन चालू नसेल तर २४ तासांत तातडीचं विशेष अधिवेशन बोलवावं, आणि गरज पडल्यास सैन्य वापरण्याचीही शिफारस करावी, असं त्यात म्हटलं आहे. बाजूने ५२, विरुद्ध ५. तटस्थ राहिले दोघेच, अर्जेंटिना आणि भारत.

भारताची ही तटस्थता लक्षात ठेवा. त्या वेळी ६० सदस्यांच्या आमसभेत पाश्चात्य देशांचं आणि त्यांच्या मित्रांचं बहुमत हुकमी होतं. आज हे हत्यार रशियाविरुद्ध आहे, उद्या कुणाविरुद्ध असेल ते सांगता येत नाही, ही शंका दिल्लीच्या मनात असणं स्वाभाविक होतं.

पण सहाच वर्षांत याच ठरावाने वेगळं रूप दाखवलं. १९५६ मध्ये सुएझवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले. परिषदेत ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरला, प्रश्न आमसभेत आला. २ नोव्हेंबरला युद्धबंदीचा ठराव झाला आणि पुढच्या काही दिवसांत संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतिसेना उभी राहिली. त्या सेनेत भारतीय जवानही होते. ब्रिटन-फ्रान्सला माघार घ्यावी लागली. त्याच आठवड्यात हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले होते, आमसभेने त्यावरही तातडीचं अधिवेशन घेतलं, ठराव केले. रणगाडे हलले नाहीत. सुएझच्या वेळी अमेरिका आमसभेच्या मागे उभी होती आणि पौंडावर दाब होता. हंगेरीत तसं काही नव्हतं. आमसभेच्या शब्दामागे जगातलं कुठलं तरी बळ उभं राहिलं तरच तो चालतो, हा धडा १९५६ नेच दिला.

मिन्होपासून तिमोरपर्यंत

आता पोर्तुगालकडे वळू. सालाझारच्या राजवटीने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्दच पुसून टाकला. गोवा, अंगोला, मोझांबिक हे सगळे 'समुद्रापारचे प्रांत' झाले. मिन्होपासून तिमोरपर्यंत पोर्तुगाल एकच, ही त्या काळची घोषणा. पाटी बदलली, आतला कारभार तोच राहिला. गव्हर्नर जनरल लिस्बनहूनच यायचा.

पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला १४ डिसेंबर १९५५ रोजी, एकाच दिवशी दाखल झालेल्या सोळा देशांपैकी एक म्हणून. आठवडाभरात, २२ डिसेंबरला, त्याने हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा ठोकला. दादरा-नगर हवेली सोडवण्याच्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या मुलखात जाण्यासाठी दमणहून भारतीय भूमीतून वाट मिळावी, हा पोर्तुगालचा दावा. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क होता; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता; आणि भारताने कुठलंही बंधन मोडलेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कोर्टात अर्धं जिंकून हाती काही न लागण्याचा अनुभव आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांत अनेकांनी घेतलाय, तसंच हे.

आमसभेतली लढाई त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने सुरू झाली. सनदेचं ७३ वं कलम सांगतं, की ज्यांच्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश आहेत त्यांनी त्या प्रदेशांची माहिती नियमितपणे संयुक्त राष्ट्रांना पाठवावी. १९५६ मध्ये सरचिटणीसांनी नव्या सदस्यांना रीतसर विचारलं, तुमच्याकडे असे प्रदेश आहेत का? पोर्तुगालचं उत्तर होतं, नाहीत. आमचे प्रांत आहेत, आणि प्रांत हा आमचा घरचा मामला.

हा युक्तिवाद भारताला नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्ये आमसभेत नेला, तेव्हा तिथल्या सरकारनेही हेच म्हटलं होतं. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं: बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. झालेल्या ४७ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१ पूर्णांक एक तृतीयांश. ३२ मतं पडली म्हणून निभावलं, त्यातलं एक मत विरुद्ध गेलं असतं तर ठराव पडला असता. दक्षिण आफ्रिकेने त्या ठरावाला जुमानलं नाही. पण 'घरचा मामला' म्हटलं की आमसभेची वाट बंद होते, हा समज त्या एका मताने मोडला.

पोर्तुगालच्या बाबतीत मात्र सुरुवातीला तेवढीही मतं जमत नव्हती. सदस्यांत युरोप आणि लॅटिन अमेरिकेचा भरणा होता, आणि प्रत्येकाला आपापली दुखरी जागा होती. शेवटी डिसेंबर १९५९ मध्ये आमसभेने सहा देशांची समिती नेमली: भारत, मेक्सिको, मोरोक्को, नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिका. काम एकच. स्वशासन नसलेला प्रदेश ओळखायचा कसा, याचे निकष ठरवायचे. नाव कुठल्याही देशाचं घ्यायचं नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. भांडण कुठल्या भिंतीवरून आहे ते बाजूला ठेवून आधी मोजपट्टी ठरवून घ्यायची, मग भिंत मोजायची. मोजपट्टीवर सगळ्यांनी मान डोलावली की भिंतीचा निकाल आपोआप लागतो.

१९६० सालचा डिसेंबर

समितीने बारा तत्त्वं दिली. त्यातलं चौथं कळीचं आहे. राज्य करणाऱ्या देशापासून भूगोलाने वेगळा, आणि वंशाने किंवा संस्कृतीने भिन्न असलेला प्रदेश हा प्रथमदर्शनी स्वशासन नसलेलाच समजावा. मधल्या समुद्राला 'प्रांत' म्हणून पूल बांधता येत नाही, असाच त्याचा अर्थ.

तोवर सभागृहाचं रूपच पालटलं होतं. १९५९ अखेर सदस्य ८२ होते, १९६० मध्ये १७ नवे देश आले आणि संख्या ९९ झाली. त्या सतरांतला सायप्रस सोडला तर बाकी सगळे आफ्रिकेतले, कालपरवापर्यंत स्वतः वसाहती असलेले. १४ डिसेंबर १९६० ला वसाहतवादाच्या समाप्तीचा जाहीरनामा, ठराव १५१४, मंजूर झाला: बाजूने ८९, विरुद्ध शून्य, तटस्थ ९. तटस्थांत पोर्तुगाल, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका होते. पण उघड विरोध करायला एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ठराव १५४१ ने ती बारा तत्त्वं स्वीकारली आणि लगेच पुढच्या, १५४२ व्या ठरावाने ती पोर्तुगालला लावून नऊ नावांची यादी केली.

न्यायाने पोर्तुगालची बाजूही सांगायला हवी, कारण गोव्याच्या बाबतीत ती इतर ठिकाणांइतकी पोकळ नव्हती. अंगोला-मोझांबिकमध्ये बहुसंख्य आफ्रिकन लोकांना नागरिकत्वच नव्हतं. गोव्यातली माणसं कायद्याने पोर्तुगीज नागरिक होती. गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत १८२० च्या क्रांतीनंतरच्या काळापासून जात होते. पण सालाझारच्या पोर्तुगालात खुद्द लिस्बनच्या माणसालाही मोकळं मत नव्हतं, तिथे गोवेकराच्या प्रतिनिधित्वाला अर्थ किती राहणार? १९४६ ला मडगावात लोहियांनी मागितलं काय होतं? सभा घेण्याचं, बोलण्याचं, छापण्याचं स्वातंत्र्य. आणि १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर आले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसं गेली. हा कागदावरच्या नागरिकत्वाचा ताळेबंद.

ठरावानंतर पोर्तुगालने माहिती पाठवली का? नाही. त्या अर्थाने ठराव निष्फळच म्हणायचा. पण त्याचा भार दुसरीकडे उतरत होता. फेब्रुवारी १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला. काही महिन्यांपूर्वी तटस्थ बसणारी अमेरिका आता अंगोलाच्या ठरावावर पोर्तुगालविरुद्ध मत देऊ लागली. एप्रिलमध्ये कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींतल्या मुक्तिसंघटनांची परिषद भरली, तिथे गोव्याचेही कार्यकर्ते होते. गोव्याचा प्रश्न तोवर जगाला भारत-पोर्तुगालमधला जमिनीचा तंटा वाटायचा. अंगोला आणि मोझांबिकच्या रांगेत नाव लागल्यावर तो वसाहतीचा प्रश्न झाला. यादीतला सातवा क्रमांक हे काम करून गेला.

१८ डिसेंबरची रात्र

पुढचा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. सैन्याची जमवाजमव सुरू झाली. नवे सरचिटणीस ऊ थांट यांनी नेहरू आणि सालाझार दोघांनाही वाटाघाटींचं आवाहन केलं. १७ आणि १८ डिसेंबरच्या मधल्या रात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झालं आणि पोर्तुगालने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली.

१८ डिसेंबरला परिषद बसली. सदस्य अकरा. भारत त्या वेळी सदस्य नव्हता. चंद्रशेखर झा यांना बोलण्यापुरतं टेबलाशी बोलावलं होतं. पोर्तुगालतर्फे वास्को गारिन यांनी आक्रमणाची तक्रार मांडली. झा यांचा मुद्दा असा, की गोवा हा भारताचाच वसाहतीखाली राहिलेला तुकडा आहे; आपल्याच भूमीवर कुणी आक्रमण करत नाही; आणि आमसभेने वर्षापूर्वीच हा प्रदेश वसाहत ठरवलेला आहे. श्रीलंकेचे, तेव्हाच्या सिलोनचे, प्रतिनिधी होते गुणपाल मलालसेकर. पाली विशेषनामांचा मोठा कोश करणारा हा विद्वान त्या रात्री भारताच्या बाजूने उभा राहिला.

अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन यांचं भाषण सगळ्यात तिखट होतं. बळाचा असा वापर चालवून घेतला तर संयुक्त राष्ट्रं राष्ट्रसंघाच्या वाटेने जातील, असा त्यांचा सूर होता. पण ते इतिवृत्त नीट वाचा. वादाच्या गुणदोषांत आपल्याला शिरायचं नाही, प्रश्न बळाच्या वापराचा आहे, अशीच त्यांनी मांडणी केली. गोवा पोर्तुगालचा प्रांत आहे, या दाव्याच्या पाठीशी अमेरिकेने आपलं वजन टाकलं नाही. १५४२ ने तो दावा आधीच पोखरून ठेवला होता.

दोन ठराव मतास आले. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा ठराव पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा. त्याला ४ मतं, विरुद्ध ७. दुसरा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा: युद्धबंदी करा, भारताने सैन्य मागे घ्यावं, वाटाघाटी कराव्यात. त्याला ७ मतं, विरुद्ध ४. सात मतं म्हणजे पुरेशी. पण चारांत सोव्हिएत संघ होता आणि त्याचं 'नाही' म्हणजे नकाराधिकार. ठराव पडला. न्यूयॉर्कमध्ये रात्र होती, इकडे १९ तारखेची सकाळ उजाडली होती आणि पणजी हाकेच्या अंतरावर आली होती. त्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

प्रश्न आमसभेत का गेला नाही?

आपली पुस्तकं साधारण इथे थांबतात: रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून वाचलो. खरं आहे, पण अर्धंच. परिषद नकाराधिकाराने अडली तर काय करायचं, याची सोय खुद्द अमेरिकेनेच १९५० मध्ये करून ठेवली होती. ठराव ३७७ चालू होता. आमसभेचं सोळावं अधिवेशन भरलेलंच होतं, ट्युनिशियाचे मोंगी स्लिम अध्यक्षपदी होते, म्हणजे कुणाला नव्याने बोलावण्याचीही गरज नव्हती. प्रश्न नुसता एका सभागृहातून दुसऱ्यात न्यायचा होता. तो कुणी नेला नाही.

कारण साधं गणित. त्या डिसेंबरात सदस्य १०४ झाले होते. टांगानिका तर चारच दिवसांपूर्वी, १४ तारखेला, आत आलं होतं. सगळ्यांनी मतदान केलं असतं तर ठराव अडवायला ३५ मतं पुरेशी होती. आफ्रिका-आशियातले देशच निम्म्याच्या आसपास. पाकिस्तानसारखे भारतावर नाराज असलेले वगळले तरी ३५ चा आकडा सहज गाठला जात होता. आणि नुसते हात मोजून भागत नाही. ज्या सभागृहाने वर्षापूर्वी गोव्याला वसाहत ठरवलं, त्याच सभागृहाला 'वसाहतीचा मालक पुन्हा बसवा' असं सांगायला जायचं कुणी? उलट न्यूयॉर्कच्या त्याच १९ डिसेंबरला आमसभेने ठराव १६९९ करून, १५४२ पाळत नाही म्हणून पोर्तुगालचा निषेध केला आणि पोर्तुगीज प्रदेशांसाठी खास समिती नेमली. एकीकडे शरणागतीचा कागद, दुसरीकडे हा ठराव, दोन्हींवर तारीख एकच.

मतं भारताच्या लोकप्रियतेमुळे मिळाली असती, असं कुणाला वाटत असेल तर त्याने दहा वर्षं पुढे जावं. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. पुन्हा सोव्हिएत नकाराधिकार, पुन्हा परिषद ठप्प. या वेळी प्रश्न आमसभेत नेला गेला. ७ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव आला: बाजूने १०४, विरुद्ध ११, तटस्थ १०. आफ्रिका-आशियातले कालचे मित्र भारताच्या विरुद्ध गेले. भारताची बाजू नैतिकदृष्ट्या कमी नव्हती, लाखो निर्वासित सीमेवर होते. पण पूर्व पाकिस्तानबद्दल आमसभेने आधी काहीच ठरवून ठेवलेलं नव्हतं, आणि देश फुटण्याची धास्ती नव्या राष्ट्रांना सगळ्यात जास्त होती. दिल्लीने तो ठराव मानला नाही, १६ डिसेंबरला ढाका पडलं, पण सभागृहात आपण एकटे होतो. १९६१ ला एकटे नव्हतो. दोन डिसेंबरांतला हा फरक नीट बघितला, की आधी करून ठेवलेल्या ठरावाची किंमत कळते.

न विचारलेला प्रश्न

इतकं लिहिल्यावर एक अवघड गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ज्या १५४१ व्या ठरावाच्या मोजपट्टीने पोर्तुगाल उघडा पडला, त्याच पट्टीवर पुढे आणखी खुणा आहेत. एखादा प्रदेश दुसऱ्या देशात सामील होणार असेल तर ते तिथल्या लोकांच्या मुक्त इच्छेने, प्रौढ मताधिकाराने व्हावं, असं ती तत्त्वं म्हणतात. आणि बळ वापरा, असं आमसभेने भारताला कधीही सांगितलं नव्हतं.

भारताची भूमिका अशी, की गोवा हा वेगळा देश नव्हताच, तुटलेला भाग परत जोडला गेला. १५१४ व्या ठरावातही देशाची एकात्मता मोडू नये असं कलम आहे, त्याचा आधार या भूमिकेला आहे. मला स्वतःला ती पटते. तरी 'तुम्हाला भारतात यायचं आहे का' असं गोवेकराला मतपत्रिकेवर कधी विचारलं गेलं नाही, ही वस्तुस्थिती राहते. १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती होऊन २० डिसेंबर १९६१ पासून आपण केंद्रशासित प्रदेश झालो. डिसेंबर १९६३ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, पण त्यातला प्रश्न वेगळा: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१. आपल्यातल्या कित्येक घरांत त्या निकालाची हळहळ अजून आहे, कित्येकांत समाधान. ते काहीही असो, लोकांना विचारून सीमा ठरवायची ही रीत आमसभेच्या त्या तत्त्वांना धरून होती, आणि स्वतंत्र भारतात ती फार कमी लोकांच्या वाट्याला आली. बेळगावच्या मंडळींना हे सांगायची गरज नाही.

पोर्तुगालने शेवटी मान्यता दिली ती राजवट पडल्यावर. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार झाला. यादीतली इतर नावं आपापल्या वाटेने सुटली, काही फार रक्त सांडून.

आज

आमसभेला बळ द्यायचं म्हणजे काय करायचं? तिला सैन्य मिळणार नाही, पाचांचा नकाराधिकार कुणी सोडणार नाही. जे होतंय ते हळूहळू. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचा हल्ला झाला, परिषद अडली, आणि ठराव ३७७ चा आधार घेऊन तातडीचं अकरावं विशेष अधिवेशन भरलं. २ मार्चला १४१ देशांनी बाजूने मत दिलं, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. तटस्थांत पुन्हा भारत. रणगाडे थांबले नाहीत, १९५६ चीच गोष्ट. पण २६ एप्रिल २०२२ ला आमसभेने एक नियम करून घेतला: परिषदेत कुणीही नकाराधिकार वापरला, की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा त्यावर चर्चा करेल. नकार देता येईल, पण सगळ्यांसमोर त्यावर चर्चा होणारच.

काही वाचक म्हणतील, चर्चेने काय होतं? गोव्याचा अनुभव सांगतो, की चर्चेने लगेच काही होत नाही. १९४६ चा एका मताने निभावलेला ठराव, १९५६ चं सरचिटणीसांचं पत्र, १९५९ ची समिती, १९६० ची यादी, यातल्या एकानेही सीमेवरची चौकी हलली नाही. चौकी सैन्याने हलवली, आणि त्याआधी सत्याग्रहींनी रक्त दिलं, हे श्रेय त्यांचंच. पण चौकी हलल्यावर ती परत बसवा असं म्हणायला जगात बळ उरलं नाही, ते या कागदांमुळे.

येत्या १९ डिसेंबरला पणजीत, म्हापशात, फोंड्यात भाषणं होतील. ठराव १५४२ जेमतेम दोन पानांचा आहे. आपल्या मंडळाने त्याचा मराठी आणि कोंकणी अनुवाद करून, मतदानाच्या यादीसकट, १५ तारखेला वाचनालयांत लावावा असा प्रस्ताव मी पुढच्या बैठकीत ठेवणार आहे. सातव्या क्रमांकावर आपलं नाव आहे, ते पोरांनी एकदा डोळ्यांनी बघावं.